शंभर मोजेस्तोवर

आमच्या घराची किल्ली माझ्या गळ्यात असायची. काळ्या दोऱ्यात ओवलेली, फ्रॉकच्या आत. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक कुडाची. वावर नव्हतं. मी दुसरीत असताना बाबा छातीच्या दुखण्याने गेले आणि माय दुसऱ्यांच्या वावरात जाऊ लागली. दसऱ्याच्या आसपास वावरात सीतादही झाली, म्हणजे दहीभाताचा निवद दाखवून पहिला कापूस वेचला, की माय सकाळी जी निघायची ती दिवेलागणीलाच परतायची. वेचणी आटोपली तरी प्रत्येकीचं गाठोडं काट्यावर चढेपर्यंत सुटका नसे. शाळा सुटायची पाचला, माय यायची सातला. मधले दोन तास घर माझं होतं. पाणी माझं, चूल माझी, आणि पाच वर्षांनी लहान असलेला भाऊ राजू, तोही माझाच.

मी दहा वर्षांची, पण राजूला गुंतवून ठेवायच्या माझ्या युक्त्या होत्या. त्याला कधी खरचटलंही नाही. आमच्या साऱ्या कुळात पदवी घेतलेली मी पहिली. पुढे मानसशास्त्रात एम.ए.ही झाले. हे मी आयुष्यभर ताठ मानेने सांगत आले, आजही सांगते. त्या ताठ मानेमुळे एकदा काय झालं, तेही आता लिहून ठेवायला हवं.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामातले गमतीदार अनुभव’ मागितले होते. ते नाहीत असं नाही. माझ्या कामाची पहिली वर्षं, मुलं शाळा सुटल्यावर कुठं असतात याचा शोध घेण्यात गेली आणि उरलेलं आयुष्य मानसोपचारात. मानसोपचार म्हणजे काय हे आमच्याकडे सांगणं सोपं नाही. गोळी नाही, सुई नाही, एक तास बसून बोलायचं. वणीला मी खोली घेतली तेव्हा एक आजोबा आले आणि ‘डोकं ठीक आहे’ असं लिहून मागू लागले. सुनेला दाखवायचं होतं. एक बाई चार आठवडे नेमाने आल्या, पंख्याखाली बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पाचव्या आठवड्यात म्हणाल्या, “मॅडम, आता बरं वाटते.” काय बरं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. आधी सारिका.

तिचं नाव बदललं आहे. तिला विचारूनच लिहीत आहे. ती काय म्हणाली ते शेवटी सांगते.

ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात असायचं. बाहेरून माणसं यायची, गावोगाव फिरायची, कोणत्या घरचा कर्ता गेला ते लिहून न्यायची. पुण्याच्या एका संस्थेने मात्र वेगळं काम काढलं. मोठी माणसं दिवसभर वावरात, मग शाळा सुटल्यावर मुलांजवळ कोण असतं? मी एम.ए. होऊन घरी बसले होते. मला या अभ्यासात नोकरी लागली. एसटीने गाव गाठायचं, पुढे सायकल भाड्याने घ्यायची, घरोघर जाऊन फॉर्म भरायचा.

फॉर्मात अकरावा रकाना होता: शाळा सुटल्यावर मुलाजवळ कोण असते? पुढे पर्याय: आई, वडील, आजी-आजोबा, मोठे भावंड, शेजारी, कोणी नाही. त्याखाली आम्ही खूण करायची, ‘सोय आहे’ किंवा ‘सोय नाही’. ही खूण महत्त्वाची होती. कारण पुढच्या वर्षी गावच्या समाजमंदिरात संध्याकाळी पाच ते सात असा एक वर्ग सुरू व्हायचा होता. गावातलीच एक बाई मुलांना खेळवणार, गाणी म्हणवून घेणार, मुरमुरे-फुटाणे देणार. जागा मोजक्याच होत्या. ‘सोय नाही’ ज्यांच्यापुढे लिहिलं, त्यांनाच प्रवेश.

मुकुटबनकडच्या एका गावात शोभाबाईंच्या घरी मी गेले, ती सुटीची दुपार होती. नवरा वावरात होता. त्यांचं स्वतःचं थोडं वावर होतं, शिवाय शोभाबाई दुसऱ्यांकडे वेचायला जायच्या. दाराशी त्यांची मुलगी सारिका तांदूळ निवडत होती. चार वर्षांचा गोलू तिच्या पाठीवर लोंबकळत होता.

“शाळा सुटल्यावर यांच्याजवळ कोण राह्यते?” मी विचारलं.

“हे काय, सारिका,” शोभाबाई म्हणाल्या. “माह्याहून बरी सांभायते.”

“किती वर्षांची?”

“दहावं लागलं.”

मी सारिकाकडे वळले. “एकटीला भेव नाही वाटत?”

“कायले वाटीन? मले सगळं येते. भात टाकता येते, पाणी आणता येते, याले निजवता येते.” तिने मान वाकडी करून माझ्या कागदात पाहिलं. मी घरातल्या सगळ्यांच्या वयांची बेरीज करत होते, सरासरीसाठी लागायची. “मॅडम, तुमचं चुकलं. एक हातचा राह्यला.”

खरंच राहिला होता. शोभाबाई पदराआड हसल्या. “तिले गणित लय येते. गुरुजी म्हणते, हे पोरगी हिशेबात कोणाले ऐकत नाही.”

“आणा इकडं,” सारिका म्हणाली, “फॉर्म मीच भरून देतो तुमचा.”

मला ती फार आवडली. कारण उघड आहे. ती मीच होते, फक्त तिच्या गळ्यात किल्ली नव्हती, घराला कुलूपच नव्हतं. मी ‘मोठे भावंड’ला गोल केला आणि खाली ‘सोय आहे’ लिहिलं.

इथवर एका फॉर्मची गोष्ट झाली. पुढची याहून वाईट. महिनाअखेरीस आमच्या प्रमुख बाई पुण्याहून आल्या. फॉर्म चाळता चाळता थांबल्या. म्हणाल्या, “दहा वर्षांची मुलगी. हिला सांभाळणारी म्हणून धरायचं का? मला पटत नाहीये. तुम्ही इथल्या आहात, तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. उभं राहून सांगितलं, ते आठवतं. “मॅडम, आमच्याकडे धरतात. आमच्या मुली तुमच्याकडच्यासारख्या नसतात. मी स्वतः भावाला असंच वाढवलं आणि आज तुमच्यासमोर उभी आहे.”

खेड्यातून शिकून आलेल्या मुलीला ‘तुझं बालपण चुकीचं होतं’ असं कोण म्हणणार? त्यांनी वहीत लिहून घेतलं: दहा किंवा अधिक वर्षांचे भावंड असल्यास सोय आहे असे धरावे. साऱ्या तालुक्याला तोच नियम लागला.

पुढल्या हंगामात वर्ग सुरू झाला. शोभाबाईंचं घर समाजमंदिरापासून हाकेच्या अंतरावर. मंदाताई नावाची बाई वर्ग चालवायची. संध्याकाळची गाणी सारिकाच्या घरापर्यंत ऐकू जायची. गोलू एकदोनदा जाऊन दाराशी उभा राहिला. मंदाताईंनी यादी पाहिली आणि त्याला फुटाणे देऊन घरी पाठवलं. नियमच तसा होता.

त्या साली भाव इतका पडला की लोकांनी कापूस विकलाच नाही. आज नाही तर संक्रांतीनंतर चढेल, या आशेवर घरात भरून ठेवला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते: पुढची खोलीच्या खोली कापसाने भरते, पार आढ्यापर्यंत. माणसं मागच्या खोलीत दाटीवाटीने झोपतात. अंगाला खाज सुटते, जेवणात तंतू येतात. पण लहान मुलांना मौज वाटते. वरून उडी मारली की लागत नाही.

एका संध्याकाळी शोभाबाई वेचणीवरून आल्या, तेव्हा सारिका कापसात हात घालून उपसत होती. शेजारच्या माणसांनी भिंतीकडचा ढीग बाजूला केला, तेव्हा गोलू सापडला. वरचा कापूस सरकून त्याच्या अंगावर आला होता. श्वास केव्हाच थांबला होता.

मला मंदाताईंनी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी मी गेले. पुढची खोली रिकामी होती. शोभाबाईंच्या नवऱ्याने तो सगळा कापूस मिळेल त्या भावात देऊन टाकला होता. शोभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी साधं विचारलं, जसं एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारावं तसं:

“मॅडम, तुमी लिहिलं होतं ना, सोय हाय म्हून? मंग असं काहून झालं?”

मागच्या खोलीत सारिका भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, “चहा मांडू का?” मी नको म्हटलं. त्यावर आमचं बोलणं संपलं. एम.ए.च्या पुस्तकांत या जागी काय बोलायचं ते नव्हतं.

महिन्याभराने सारिकाच्या शाळेत गेले. गुरुजी म्हणाले, “बोलते, वाचते, धडा पाठ करते. पण एक अंक तोंडातून काढत नाही. पाढे म्हण म्हटलं की खाली पाह्यते. गणिताची पाटी कोरी. अशी पोरगी मी नाही पाह्यली, बाई. मारलं नाही मी तिले, मारवत नाही.”

मी नोकरी सोडली आणि मानसोपचार शिकायला नागपूरला गेले. लोकांना वाटलं, आणखी एक पदवी हवी असेल. मला एका मुलीशी बोलता यायला हवं होतं. दीड वर्ष शिकले. तिथल्या गुरुबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “समोरच्याने बोलावं म्हणून घाई करू नका. घाई तुमच्या समाधानासाठी असते.” हे ऐकायला सोपं आहे.

परत येऊन वणीला खोली घेतली आणि पहिली शोभाबाईंकडे गेले. सारिका बारा वर्षांची झाली होती.

“सुई देसान का तिले?” शोभाबाईंनी विचारलं.

“नाही. बोलायचं फक्त.”

“बोलून काय होते?”

“कधी कधी काहीच नाही होत.”

“तुमी खरं बोलल्या म्हून आणतो,” त्या म्हणाल्या.

दर बाजाराच्या दिवशी त्या सारिकाला माझ्याकडे सोडायच्या, बाजार करून यायच्या. माझ्या खोलीत एक सतरंजी होती, चिंचोके, चिंध्यांच्या बाहुल्या, मुलांच्या तान्ह्या पोळ्यातले चाकांचे दोन लाकडी बैल. मुलं खेळतात आणि खेळता खेळता मनातलं बाहेर येतं, असं त्यामागचं शास्त्र. सारिका खेळली नाही. तिने पहिल्या दिवशी माझी खोली झाडली. दुसऱ्या वेळी बाहुल्या धुऊन वाळत घातल्या. तिसऱ्या वेळी सतरंजी उन्हात टाकली. मी करू दिलं. माझ्या खोलीइतकी स्वच्छ खोली तेव्हा वणीत दुसरी नसेल. चिंचोके मात्र तिने कधी उचलले नाहीत. ते उचलले की मोजावे लागतात.

असं सात-आठ महिने. मी हरत आले होते.

त्या वर्षी भाऊबीजेला राजू आला. तो तोवर एका बँकेत शिपाई म्हणून लागला होता, बायकोला घेऊन आला होता. ओवाळून झालं, चकल्यांचं ताट फिरत होतं. राजू बायकोला सांगू लागला, “ताईनं मले काय बनवलं हाये माहीत हाय का. म्हणे, जाय लप, मी शंभर मोजतो. मी लपलो की हे पाण्याले पसार. मी आपला दारामागं उकडवं बसून. शोधालेच ये नाही हे.”

“मोजतच नव्हती का?” त्याच्या बायकोने विचारलं.

“कायची मोजते. हंडे भरे.”

सगळे हसले. मायही हसली. मी ताट खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. सात-आठ महिने जे समोर बसून दिसलं नव्हतं, ते एका चकलीच्या ताटावर कळलं.

पुढच्या बाजाराला सारिका आली. झाडू उचलला. मी म्हटलं, “आज राहू दे. आज मी सांगते, तू ऐक.” मी तिला माझं सांगितलं. गळ्यातली किल्ली, हंडे, राजू. राजू पायात पायात यायचा, काम होऊ द्यायचा नाही. “मी त्याला म्हणायची, जा लप, मी शंभर मोजते. तो लपायचा आणि मी पाणी भरायची.”

तिने झाडू भिंतीला लावला. मग विचारलं, “मंग सापडे का तो?”

“सापडायचा.”

“दर खेपी?”

“दर खेपी. आमच्या घरात कापूस नव्हता, सारिका. आम्हाला वावरच नव्हतं.”

ती सतरंजीवर बसली. पहिल्यांदा बसली. बोलली ते माझ्याकडे न पाहता, लाकडी बैलाच्या चाकाकडे पाहून.

“मी मोजत होती. तुमच्यासारखं नाही, खरंच मोजत होती. भांडे घासून राह्यली होती आन मोजून राह्यली होती. मोठ्यानं, त्याले ऐकू जावं म्हून. शंभर झाले. दोन भांडे राह्यले होते. मंग म्या पुन्हा एकपासून लावलं.”

बाहेर बाजाराचा कलकलाट होता. कोणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं.

“दुसऱ्यांदा किती झाले होते, मले याद नाही,” ती म्हणाली. “लय याद करून पाह्यलं. याद येत नाही.”

गुरुबाईंनी शिकवलं होतं, रुग्णासमोर रडू नये. मी तेवढं पाळलं नाही. नंतर मी तिला फॉर्मचं सांगितलं. अकरावा रकाना, प्रमुख बाईंचा प्रश्न, माझं उत्तर. म्हटलं, “ते काम तुझं नव्हतं. ते तुझं आहे असं मी लिहून दिलं. चुकीचं लिहिलं.”

तिने विचार केला. हिशेब तपासावा तसा.

“तो फॉर्म कुठं हाय?”

“पुण्याला.”

“खोडता येते का?”

“त्यावरचं नाही येत,” मी म्हटलं. “पुढच्यातलं येईल कदाचित.”

शोभाबाई आल्या तेव्हा सारिकाने आईच्या हातातली पिशवी घेतली, रोजच्यासारखीच. दारातून वळून मला म्हणाली, “मॅडम, आयले मी सांगीन. तुमी नका सांगू.” तिने ते केव्हा सांगितलं, शोभाबाई काय म्हणाल्या, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुढच्या बाजाराला शोभाबाई आल्या तेव्हा त्यांनी लेकीचा हात धरला होता. बारा वर्षांच्या मुलीचा हात आमच्याकडे कोणी धरत नाही.

ती पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. अंक बोलायला तिला आणखी वर्ष लागलं. जिने माझा राहिलेला हातचा दाखवला, ती दहावीला गणितात कशीबशी पास झाली. आज ती राजूर भागात राहते. नवरा कोळशाच्या खाणीत आहे, एक मुलगी आहे. मुलीशी ती सगळे खेळ खेळते, एक सोडून.

हा लेख लिहायच्या आधी तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “लिहा. पण मॅडम, मी खेळून नव्हती राह्यली, भांडे घासून राह्यली होती, हे नक्की लिहा.”

लिहिलं, सारिका.

सारिका बोलली त्याच आठवड्यात मी प्रमुख बाईंना पत्र लिहिलं होतं. चार पानी. माझं उत्तर चूक होतं, ते मी अभिमानापायी दिलं होतं, आणि त्याचं काय झालं, हे त्यात होतं. त्यांचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. मग नवा फॉर्म आला. पुढे त्याच फॉर्मावर आमच्या भागातले वर्ग ठरले. शोभाबाईंच्या गावचा वर्ग अजून चालतो. मंदाताई थकल्या, त्यांची सून चालवते.

नव्या फॉर्मात अकरावा रकाना आहे. त्यात ‘मोठे भावंड’ हा पर्याय नाही. माझ्या साऱ्या कामात माझ्या हातून झालं ते एवढं.